सीएफ असलेल्या लहान मुलांच्या छातीचं इन्फेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे आपण सगळे ज्याला सीएफ म्हणतो, तो जीनमधल्या बिघाडामुळे होणारा जन्मजात आजार असलेल्या मुलांचे आईबाबा मला मेसेज करून जे विचारत असतात त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, सीएफ असलेल्या मुलाची आई आहे. म्हणून औषधांचे डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते तुमच्या बाळाचं वजन आणि रिपोर्ट बघून तुमचे सीएफ डॉक्टरच ठरवणार. हे सगळं साधारण जन्मापासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

१. सीएफ पोटाला पण त्रास देतो, मग सगळे छातीच्याच एवढे मागे का लागतात?

कारण पोटाचं बरंचसं गोळ्या-एन्झाईमनी सांभाळता येतं, पण फुफ्फुसाचं एकदा झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. सीएफचा जीन ७ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, तो १९८९ मध्ये सापडला, आणि त्याचं काम म्हणजे पेशींमधून मीठ आणि पाण्याची ये-जा नीट ठेवणं. ते बिघडलं की श्वासनलिकांच्या आतला ओलावा कमी होतो, कफ चिकट होतो, आणि कफ वर ढकलणारे बारीक केस त्यात रुतून बसतात. आपल्या छातीत रोज थोडेफार जंतू जातात आणि कफाबरोबर बाहेर पडतात, या मुलांच्यात ते आतच मुक्काम करतात. मग शरीर त्यांना मारायला पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातला डीएनए कफात मिसळून कफ अजून घट्ट होतो, आणि त्यांच्यातून सुटलेली रसायनं श्वासनलिकेच्या भिंतीच खातात. असं वर्षानुवर्षं चाललं की नळ्या सैल आणि रुंद होतात, त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. हे चक्र जिथे जमेल तिथे तोडायचं, सगळे उपचार त्यासाठीच असतात.

२. आमचं बाळ ४ महिन्यांचं आहे, अजिबात खोकत नाही, छान खेळतं. तरी रोज फिजिओ (छातीतला कफ सोडवायचे व्यायाम) कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मी पण तो विचारला होता. काही लक्षण नसलेल्या तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसातलं पाणी दुर्बिणीतून काढून तपासलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच बाळांमध्ये सूज आणि जंतू सापडले आहेत, आणि सीटी स्कॅनवर पहिल्या काही वर्षांतच बदल दिसू शकतात. म्हणजे बाळ बरं दिसतंय तेव्हाच हे आत चालू असतं, आणि वाचवायला सगळ्यात जास्त फुफ्फुस पण तेव्हाच हातात असतं. खोकला सुरू झाल्यावर बघू, असं कृपा करून करू नका. शिवाय तान्हेपणापासून रोजची सवय असलेलं मूल दोन वर्षांचं झाल्यावर निदान थोडं तरी ऐकतं.

३. साधी सर्दी कुठली आणि छाती बिघडली कुठली, हे ओळखायचं कसं?

आधी तुमच्या मुलाचं नेहमीचं काय आहे ते माहीत हवं. बरं असताना दिवसात किती खोकतं, रात्री खोकतं का, झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं, हे एकदा मोजून लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या अवस्थेत आपल्याला काही आठवत नाही. मग बदल बघायचा. खोकला वाढला, कोरडा होता तो ओला खुळखुळणारा झाला, पहाटे खोकून जाग यायला लागली, खोकता खोकता कफाची उलटी झाली, हसल्यावर किंवा पळल्यावर ढास लागते, खाणं कमी झालं, वजन दोन-तीन आठवडे हललं नाही, नेहमी उड्या मारणारं पोर गप्प बसून राहतं, यातलं एक जरी असलं तरी फोन करा. ताप यायची वाट बघू नका, सीएफमध्ये छाती बिघडली तरी पुष्कळदा ताप येतच नाही. स्टेथोस्कोपने छाती क्लिअर ऐकू आली तरी इन्फेक्शन नाही असं ठरत नाही, कारण सुरुवातीला बारीक नळ्यांमधलं बाहेरून ऐकूच येत नाही. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना फुंकायची टेस्ट नीट जमत नाही त्यामुळे आपण घरी जे बघतो तेच डॉक्टरांच्या हातातलं मोठं माप असतं, तर "मला उगाच वाटतंय का" असा संकोच नको. मोबाईलवर रात्रीच्या खोकल्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, फार उपयोग होतो.

आणि फोन वगैरे न करता सरळ इमर्जन्सीत कधी जायचं: बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलतायत, ओठ निळसर झालेत, बाळ दूध घेऊ शकत नाही इतका दम लागतोय किंवा खूप सुस्त पडलंय.

४. व्हायरल सर्दी आहे म्हणतात आणि तरी अँटिबायोटिक देतात, हे चूक नाही का?

दुसऱ्या मुलांच्या बाबतीत चूकच झालं असतं, व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. पण सीएफमध्ये व्हायरस येतो आणि मागे कफात बसलेल्या बॅक्टेरियांना वाढायला मोकळं रान मिळतं, त्यामुळे खोकला असलेल्या सर्दीत बरेच सीएफ डॉक्टर लवकरच तोंडाने अँटिबायोटिक सुरू करतात, मागच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून करायची तपासणी) काय आलं होतं ते बघून. नातेवाईक आणि कधी कधी जवळचे फॅमिली डॉक्टर पण म्हणतील एवढी औषधं नका देऊ, त्यांचं इतर मुलांसाठी बरोबर असतं, म्हणून दोन डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

५. पाच दिवसात खोकला गेला, मग कोर्स दोन आठवड्यांचा का? आणि डोस एवढा जास्त का लिहिलाय?

जाड कफात औषध पोचायलाच वेळ लागतो, म्हणून कोर्स साधारण दोन आठवडे, कधी तीन. आणि सीएफमध्ये शरीर बरीच अँटिबायोटिक्स लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे डोस पुस्तकातल्या नेहमीच्यापेक्षा जास्त असू शकतो. मेडिकलवाल्याने डोस जास्त वाटतोय म्हटलं तर स्वतः कमी करू नका, डॉक्टरांना विचारा. औषध दिल्या दिल्या उलटी झाली तर परत द्यायचं का हे पण औषधागणिक वेगळं असतं, ते आधीच विचारून बाटलीवर लिहून ठेवा. उलट बाजूने, कोर्स संपला आणि खोकला नेहमीसारखा झाला नाही तर ते पण कळवायचंच, १८ नंबर बघा.

६. बाळ कफ थुंकत नाही मग घशाच्या स्वॅबवरून छातीतलं काय कळणार?

खरंय, ही अडचणच आहे. लहान मुलं कफ गिळून टाकतात. त्यामुळे घशाच्या मागून किंवा खोकताना समोर धरून स्वॅब घेतात, साधारण दर तीन महिन्यांनी आणि आजारी पडल्यावर. स्वॅबमध्ये काही आलं नाही तर छातीत पण नसण्याची शक्यता चांगली असते, पण काही आलं तर ते घशातलंच आहे की छातीतलं हे नक्की सांगता येत नाही. कधी हायपरटॉनिक सलाईनची, म्हणजे जास्त खारट पाण्याची, वाफ देऊन कफ काढायचा प्रयत्न करतात, आणि लक्षणं जात नाहीत पण स्वॅब सारखा निगेटिव्ह असं झालं तर भूल देऊन दुर्बिणीने तपासतात. सरसकट सगळ्या बाळांची दुर्बिणीने तपासणी करून उपचार ठरवले तर पाच वर्षांनी फार फरक दिसला नाही, म्हणून ती गरजेपुरतीच करतात. लॅबच्या फॉर्मवर सीएफ लिहिलंय ना बघा. काही जंतू खास माध्यमावर आणि जास्त दिवस वाढवावे लागतात, साध्या कल्चरमध्ये ते सुटून जातात.

७. रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास आलाय, मूल तर ठणठणीत आहे. खूप घाबरलोय, काय करू?

पहिलं म्हणजे पहिल्यांदाच आलाय ना, मग ही उपचाराची चांगली वेळ आहे, रडायची नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा ओलसर जागी सगळीकडे असणारा जंतू, त्यामुळे "आमच्याकडून काय चूक झाली" याचं उत्तर बहुतेक वेळा काहीच नाही असं असतं. सुरुवातीला तो मोकळा असतो आणि औषधाला ऐकतो. तसाच सोडला तर काही काळाने तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो, मग त्याला म्युकॉइड म्हणतात, आणि त्या आवरणात शिरून त्याला पूर्ण काढणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणूनच लक्षण नसलं तरी लगेच इरॅडिकेशन, म्हणजे मुळासकट काढायचा उपचार, सुरू करतात.

तो कसा करतात हे सेंटरप्रमाणे बदलतं. एक पद्धत म्हणजे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ करून श्वासातून देणारं मशीन, थोडक्यात नेब) दिवसातून दोनदा, २८ दिवस, आणि २८ ऐवजी ५६ दिवस देऊन फार जास्त फायदा झाला नाही असं अभ्यासात दिसलंय. दुसरी पद्धत, नेबमधून कोलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन, ही जास्त आठवडे चालते. शिरेतून औषध दिलं म्हणजे जास्त पॉवरफुल असं आपल्याला वाटतं, पण मूल आजारी दिसत नसेल तर पहिल्या इरॅडिकेशनमध्ये शिरेतून देणं तोंडाने देण्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना दोन गोष्टी: दुधाबरोबर देऊ नका कारण कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही, आणि उन्हात मुलाची कातडी लवकर भाजते.

कोर्स संपल्यावर परत स्वॅब, आणि पुढे काही महिने पुन्हा पुन्हा. परत आला तर परत उपचार. सारखा सारखा येत राहिला तर मग त्याला कायमचा धरून नेबमधून अँटिबायोटिक बराच काळ चालू ठेवतात, पुष्कळदा एक महिना चालू एक महिना बंद अशा पद्धतीने. तसं असलं तरी मुलं वाढतात, खेळतात, शाळेत जातात.

८. बाकीच्या जंतूंचं काय? स्टॅफ, हिमोफिलस, आणि ते लांबलचक नावाचे?

लहान वयात सगळ्यात जास्त सापडतात ते स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, दोन्ही तोंडाच्या औषधाने सहसा आटोक्यात येतात. स्टॅफ येऊच नये म्हणून रोज अँटिबायोटिक द्यायचं का यावर देशादेशांत वेगळं मत आहे. काही ठिकाणी पहिली तीन वर्षं फ्लुक्लॉक्सासिलिन देतात, काही ठिकाणी देत नाहीत कारण सेफॅलेक्सिन रोज दिलेल्या मुलांमध्ये स्यूडोमोनास जास्त सापडला होता. तुमच्या डॉक्टरांनी दिलं किंवा नाही दिलं, दोन्हीमागे कारण आहे. स्टेनोट्रोफोमोनास, अक्रोमोबॅक्टर हे आले तर प्रत्येक वेळी औषध लागतंच असं नाही, लक्षणं बघून ठरवतात. बर्खोल्डेरिया सेपेशिया आणि मायकोबॅक्टेरियम अब्सेसस ही नावं मात्र आली तर सीएफचा अनुभव असलेल्या सेंटरलाच दाखवा, ते स्वतंत्र आणि लांब प्रकरण आहे.

९. रिपोर्टमध्ये औषधापुढे रेझिस्टंट लिहिलंय पण डॉक्टर तेच औषध देतायत?

होऊ शकतं. एका मुलाच्या कफात एकाच जंतूचे निरनिराळे प्रकार एकत्र राहतात, लॅबमध्ये त्यातला एखादाच वाढतो, त्यामुळे सीएफमध्ये रिपोर्ट आणि मुलाला येणारा गुण यांचा मेळ बसेलच असं नाही. शिवाय नेबमधून औषध थेट छातीत जातं तिथे त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. मूल सुधारतंय की नाही हेच खरं.

१०. नेब्युलायझरची औषधं कुठल्या क्रमाने द्यायची?

नेहमीचा क्रम असा: आधी श्वासनलिका मोकळी करणारं, उदाहरणार्थ सालब्युटामॉल, मग हायपरटॉनिक सलाईन, मग फिजिओ, आणि कफ निघून गेल्यावर शेवटी नेबचं अँटिबायोटिक, म्हणजे ते कफावर न बसता आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. सालब्युटामॉल आधी का, तर खारट वाफेने काही मुलांची छाती आवळते, म्हणून सलाईनचा पहिला डोस डॉक्टरांसमोरच देतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ७ टक्क्यांचं सलाईन रोज दिलं तेव्हा सीटी स्कॅनमधलं चित्र सुधारलेलं दिसलं होतं, तर हे नुसतं मिठाचं पाणी आहे म्हणून चुकवू नका.

डॉर्नेज अल्फा हे वेगळं, १ नंबरमध्ये सांगितलेला तो चिकट डीएनए ते कापतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि नेबच्या कपात दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळायचं नाही. फिजिओच्या आधी की नंतर हे डॉक्टर आणि तुमची रोजची वेळ बघून ठरवा. मास्क चेहऱ्याला नीट टेकलेला हवा, दोन बोटं लांब धरला तर औषध बहुतेक हवेत जातं, आणि रडणाऱ्या बाळाच्या छातीत तर फारच कमी पोचतं. त्यामुळे शांत असताना द्या.

११. नेबचे पार्ट नुसते पाण्याने धुतले तर चालतात ना?

नाही चालत. ओलसर कप म्हणजे स्यूडोमोनासची आवडती जागा, आणि तिथून तो थेट छातीत. प्रत्येक वेळी वापर झाला की साबणाच्या पाण्याने धुवा, मग दिवसातून निदान एकदा जंतू मारा: ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा किंवा बाटल्यांच्या स्टीम स्टरिलायझरमध्ये घाला, पण आधी मशीनचं पुस्तक वाचा कारण जाळीवाल्या नव्या नेब्युलायझरचे सगळे पार्ट सगळ्या पद्धतींना चालत नाहीत. व्हिनेगर वापरू नका, त्याने हे जंतू खात्रीने मरत नाहीत. निर्जंतुक केल्यावर परत नळाखाली धरलं तर केलेलं सगळं वाया. आणि शेवटी पूर्ण वाळवा, मोकळ्या हवेत, स्वच्छ कापडावर, ओले पार्ट डब्यात बंद करू नका. प्रवासात आमच्याकडे दोन सेट असतात, एक वाळतो तेव्हा दुसरा चालतो.

१२. फिजिओ कसा करायचा? मूल पळून जातं, रडतं.

तान्ह्याला मांडीवर वेगवेगळ्या कुशीवर घेऊन ओंजळीसारखा हात करून थोपटतात, किंवा मोठ्या चेंडूवर बसवून हळू उसळवतात. डोकं खाली पाय वर ही जुनी पद्धत बाळांना आता देत नाहीत, त्याने पोटातलं वर येतं. दूध पाजायच्या आधी करा. साधारण दिवसातून दोनदा, आजारी असताना जास्त वेळा.

दीड-दोन वर्षांनंतर फुंकायचे खेळ आणायचे: पाण्याच्या बाटलीत नळी घालून बुडबुडे काढणं, ज्याला बबल पेप म्हणतात (पाणी दर वेळी नवं, बाटली नळी धुवून वाळवून), पिसं उडवणं, आरशावर तोंडाने वाफ काढणं, ज्यातून पुढे हफिंग, म्हणजे तोंड उघडं ठेवून जोरात श्वास बाहेर टाकणं, शिकवता येतं. मग पेप मास्क, ज्यात श्वास सोडताना थोडा अडथळा येतो. पळणं, ट्रॅम्पोलिन, नाच याने कफ सुटतो, त्याला फिजिओच्या जोडीला ठेवा. आणि रडलं म्हणून रोज सोडून दिलं तर मूल शिकतं की रडलं की सुटतं, त्यामुळे कमी वेळ करा पण करा. तंत्र मात्र फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिका आणि मूल वाढेल तसं परत दाखवून घ्या.

१३. रात्री खोकून झोपत नाही, खोकला दाबायचं सिरप देऊ का?

नको. तो खोकलाच कफ बाहेर काढतोय, त्याला दाबलं की कफ आतच राहतो. झोपायच्या आधी नेब आणि फिजिओ करून बघा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

१४. ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक सांगितलंय. कान आणि किडनीवर परिणाम होतो म्हणतात, खरं का?

तोंडाच्या औषधाने गुण आला नाही, वजन घसरतंय किंवा दम लागतोय, तेव्हा शिरेतून देतात, साधारण १० ते १४ दिवस. स्यूडोमोनास असेल तर सहसा दोन वेगळ्या प्रकारची औषधं एकत्र, उदाहरणार्थ सेफ्टाझिडिम आणि टोब्रामायसिन. भीती खरी आहे ती या टोब्रामायसिन गटाची, त्याने ऐकू येण्यावर आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्तातली औषधाची लेव्हल आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात. ते झालंय का हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मुलांमध्ये दिवसातून एकदा दिलेला डोस किडनीला तुलनेने सोयीचा ठरलाय. आईकडच्या नात्यात कोणाला अशा इंजेक्शननंतर बहिरेपण आलं असेल तर आधीच सांगा, तो धोका आईकडून मुलात येऊ शकतो. अशी इंजेक्शन्स चालू असताना आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका. दर कोर्सनंतर नाही तरी ठराविक काळाने कानाची तपासणी करून घ्या.

१५. दुसरं सीएफचं मूल आहे ओळखीत, दोघांना खेळायला भेटवू का?

मनापासून वाईट वाटतं हे सांगताना, पण नको. सीएफ असलेल्यांचे जंतू एकमेकांना लागतात आणि ते पुष्कळदा आधीच औषधांना सरावलेले असतात. म्हणून किमान २ मीटर अंतर, दवाखान्यात मास्क, वेगळी खोली. आईबाबांनी जरूर भेटा, मुलांना व्हिडिओ कॉल. घरात दोन भावंडांना सीएफ असेल तर अंतर ठेवणं शक्य नसतं, तिथे निदान नेब, पेप, टूथब्रश वेगळे आणि फिजिओ वेगवेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या वेळी.

१६. पाळणाघर, शाळा बंद ठेवायची का? लसी कुठल्या?

शाळा बंद ठेवायची नाही. सर्दी होईल, ती घरी पण येते. नेहमीच्या सगळ्या लसी वेळेवर, न्यूमोकोकल नक्की, आणि ६ महिन्यांपासून पुढे दर वर्षी फ्लूची, घरातल्या मोठ्यांनी पण. तान्ह्या बाळासाठी आरएसव्ही या छातीच्या व्हायरसविरुद्धचं अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळतं का विचारा. सिगरेटचा धूर मात्र घरात, गाडीत, कपड्यांवर कुठेच नको. यात तडजोड नाही.

१७. पाण्यात, मातीत खेळू द्यायचं की नाही?

खेळू द्या, साचलेलं पाणी टाळा. नीट क्लोरीन घातलेला पूल चालतो, गरम पाण्याचे टब आणि डबकी नकोत. आंघोळीची पिचकारीवाली खेळणी, ज्यांच्या पोटात पाणी राहतं, ती काढून टाका. सडणारा पालापाचोळा, कंपोस्ट, ओलं गवत यापासून लांब, तिथे ॲस्परजिलस बुरशी असते.

१८. सगळी औषधं घेऊन पण खोकला आणि घरघर जात नाही. आता काय?

आता "अजून एक अँटिबायोटिक" या पलीकडे बघायची वेळ. औषध खरंच पोचतंय का (मास्क, मशीन, चुकलेले डोस) हे आधी प्रामाणिकपणे बघा. मग डॉक्टरांशी बोलायच्या गोष्टी: ॲस्परजिलसची ॲलर्जी, तिला एबीपीए म्हणतात, तिच्यात रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) खूप वाढतं आणि उपचार स्टेरॉइडचा असतो. क्षयाच्या जातभाई जंतूंचं इन्फेक्शन, ज्यासाठी वेगळं कल्चर लागतं. बरोबरीने दमा. पोटातलं वर येणं. सायनस. आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन सूज कमी करायला देतात, पण त्याआधी क्षयाच्या जातभाईंचं कल्चर निगेटिव्ह आहे ना हे विचारा, नाहीतर त्या जंतूंना याच औषधाची सवय लागते.

१९. मॉड्युलेटर (सीएफच्या जीनमुळे झालेल्या मूळ बिघाडावरच काम करणारं औषध) सुरू केलाय, खोकला गेला. नेब आणि फिजिओ बंद करू?

स्वतःहून नाही. पहिला मॉड्युलेटर, आयव्हाकाफ्टर, २०१२ मध्ये आला, तीन औषधांचा एकत्र २०१९ मध्ये, आणि या औषधांनी खरोखर चित्र बदललंय. डॉर्नेज किंवा सलाईन थांबवून बघितलं तो अभ्यास १२ वर्षांच्या वरच्या, फुफ्फुसं चांगली असलेल्या मुलांवर आणि मोठ्यांवर होता, थोड्या आठवड्यांपुरता, तो तीन वर्षांच्या पोराला लागू करता येत नाही. आणि जीनच्या प्रकारानुसार काही मुलांना ही औषधं चालतच नाहीत. अजून एक, क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, रिफाम्पिसिन अशी औषधं मॉड्युलेटरची पातळी वर-खाली करतात, म्हणून दुसऱ्या कोणाही डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा. कफ कमी झाल्याने स्वॅबमध्ये जंतू सापडणं कठीण होतं, म्हणून तपासण्या चालूच.

२०. ताप आला, उलट्या पण होतायत, सुस्त आहे, पण श्वास ठीक वाटतो. हे छातीचंच का?

नसू पण शकतं, आणि हे चुकतं म्हणून मुद्दाम लिहितेय. सीएफच्या मुलांच्या घामातून मीठ खूप जातं, ताप, उन्हाळा किंवा उलट्या-जुलाबात रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड घसरतं आणि बाळ मलूल पडतं, श्वास मात्र ठीक असतो. लगेच दवाखान्यात न्या, इलेक्ट्रोलाइट (रक्तातले क्षार) तपासायला सांगा आणि बाळाला सीएफ आहे हे स्पष्ट सांगा, कारण इमर्जन्सीत असलेल्या डॉक्टरांनी सीएफचं बाळ आधी बघितलं असेलच असं नाही. मी पर्समध्ये एक कार्ड ठेवते: निदान, शेवटच्या कल्चरमधले जंतू, चालू औषधं, ॲलर्जी आणि सीएफ सेंटरचा फोन.